गोपनीयता कोणासाठी?

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी प्रतिनियुक्तीवर एका केंद्रीय शिक्षणसंस्थेत प्रशासनाचे काम पाहत होते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार जी अंतर्गत समिती असावी लागते, तिचे अध्यक्षपदही ज्येष्ठतेने माझ्याकडे आले. समितीपुढे एके दिवशी क्रीडा विभागातील एका कंत्राटी प्रशिक्षकाविरुद्ध एका विद्यार्थिनीची तक्रार आली. हा गृहस्थ आमच्याकडे येण्यापूर्वी दोन संस्थांमध्ये काम करून आला होता. तिथे त्याच्याविषयी काही तक्रार होती का, असे मी दोन्ही ठिकाणी पत्राने विचारले. दोन्हीकडून उत्तर आले, जवळजवळ एकाच शब्दांत : सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही.

चौकशी झाली. तक्रार सिद्ध झाली. त्याचे कंत्राट पुढे वाढवू नये असा निर्णय झाला आणि तो निघून गेला. जाताना त्याने अनुभवाचा दाखला मागितला. नियमाप्रमाणे कार्यालयाने मसुदा तयार केला. त्यात कामाचा कालावधी होता आणि 'काम समाधानकारक' हे ठराविक वाक्य होते. चौकशीचा उल्लेख करावा का, असे कनिष्ठ अधिकाऱ्याने विचारले. मी फाइलवर लिहिले, 'चौकशी गोपनीय आहे, उल्लेख नको.' खाली माझी सही आहे.

दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यातील एका संस्थेतून दूरध्वनी आला. बोलणाऱ्या बाई तिथल्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्यापुढे तोच माणूस होता आणि त्यांच्या हातात आमचा दाखला होता. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : तुम्हाला काही माहीत होते का?

त्या प्रश्नाने मला बरेच वाचायला लावले. आपल्या देशातील कायदे वाचलेच, पण जिथे हा प्रश्न पन्नास वर्षे चर्चिला जात आहे त्या अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचा इतिहासही वाचला. या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांची मुले तिकडे शिकत असतील, काही जण स्वतः तिथे स्थायिक असतील. त्यांना हा इतिहास माझ्याहून जवळचा वाटेल. माझे म्हणणे मात्र प्रशासनाविषयी आहे, आणि ते दोन्ही देशांना लागू पडते.

अमेरिकन विद्यापीठातील क्रीडा विभाग म्हणजे आपल्या महाविद्यालयातील जिमखाना नव्हे. तो विद्यापीठाच्या आतले एक संस्थान असतो. त्याचे स्वतःचे अंदाजपत्रक, स्वतःचे डॉक्टर, स्वतःचे देणगीदार असतात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा शासकीय नोकर राज्याचा गव्हर्नर नसतो. तो राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. खेळाडू विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती दीर्घ काळपर्यंत एकेका वर्षापुरतीच मिळत असे आणि तिचे नूतनीकरण मुख्यतः प्रशिक्षकाच्या शब्दावर अवलंबून राही. संघात निवड कोणाची, मैदानावर उतरणार कोण, दुखापत झाल्यावर कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हे सारे त्या एका विभागात ठरते. जिथे सत्ता इतकी एकवटलेली आणि शरीराशी इतका निकटचा संबंध असतो, तिथे तक्रार करणे किती अवघड असेल याची कल्पना करता येईल.

या क्षेत्राला दोन वर्षांच्या अंतराने झालेले दोन केंद्रीय कायदे लागू होतात. पहिला १९७२ चा 'टायटल नाइन'. केंद्राचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव होता कामा नये, असे तो सांगतो. लैंगिक छळ हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, हे पुढे न्यायालयांनी मान्य केले. दुसरा १९७४ चा शैक्षणिक हक्क व खासगीपणाचा कायदा, ज्याला तिकडे 'फर्पा' म्हणतात. विद्यार्थ्याचा शैक्षणिक अभिलेख त्याच्या संमतीवाचून बाहेर द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र. पहिला कायदा तक्रार ऐका म्हणतो, दुसरा नाव जपा म्हणतो. वास्तविक या दोहोंत विरोध नाही. विरोध निर्माण केला तो संस्थांनी.

फर्पाचे जनक न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली. शाळा मुलांविषयी गुप्त शेरे लिहून ठेवतात आणि पालकांना ते पाहता येत नाहीत, पण परक्यांच्या हाती पडू शकतात, ही त्यांची चिंता होती. म्हणजे हा कायदा मुळात नागरिकाला संस्थेपासून संरक्षण देण्यासाठी होता. पस्तीस वर्षांनी, २००९ साली, ओहायो राज्यातील 'कोलंबस डिस्पॅच' या वृत्तपत्राने फुटबॉलमध्ये अग्रेसर असलेल्या ११९ विद्यापीठांकडे काही साध्या कागदपत्रांची मागणी केली : संघाच्या विमानप्रवासातील प्रवाशांची यादी, फुकट तिकिटे कोणाला दिली, नियमभंगाचे अहवाल. एकाच कायद्याखाली प्रत्येक विद्यापीठाने वेगळे उत्तर दिले. कोणी सर्व दिले, कोणी पानेच्या पाने काळी करून पाठवली, कोणी काहीच दिले नाही. त्या वेळी त्या वृत्तपत्राशी बोलताना वृद्ध बकलींनी सांगितले की, नको ती माहिती न देण्यासाठी विद्यापीठे या कायद्याची सबब पुढे करतात. आपण केलेला कायदा आपल्या हयातीत उलटा फिरलेला पाहण्याचे नशीब फार थोड्या कायदेकर्त्यांच्या वाट्याला येते. ते २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी वारले.

कायद्यात खरोखर काय आहे ते पाहिले तर आश्चर्य वाटते. फर्पाचे संरक्षण विद्यार्थ्याच्या अभिलेखाला आहे. प्रशिक्षक किंवा संघाचा डॉक्टर हा नोकर असतो. नोकर या नात्याने त्याच्यासंबंधी असलेला अभिलेख शैक्षणिक अभिलेखात मोडत नाही. त्यातील विद्यार्थ्यांची नावे जरूर झाकावीत, पण नोकराचे नाव झाकायला हा कायदा सांगत नाही. आरोपी विद्यार्थी असला तरी १९९८ च्या दुरुस्तीने वाट करून दिली आहे. हिंसक किंवा लैंगिक गुन्ह्याच्या स्वरूपाचे कृत्य केल्याचे विद्यापीठाच्या चौकशीत ठरले असेल, तर त्याचे नाव, दोष आणि शिक्षा जाहीर करता येते. पीडित व साक्षीदार यांची नावे मात्र त्यांच्या संमतीविना नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने अशी माहिती देण्याचे नाकारले, तेव्हा विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र न्यायालयात गेले. २०१६ च्या मागणीचा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून २०२० मध्ये लागला आणि विद्यापीठाला माहिती द्यावी लागली. तेही चारास तीन मतांनी.

मग संस्था इतक्या घाबरतात का? फर्पाचा भंग झाल्यास केंद्राचे अनुदान बंद होऊ शकते, हे ठरलेले उत्तर. पण आजवर एकाही विद्यापीठाचे अनुदान या कारणाने बंद झालेले नाही. नागरिकाला या कायद्याखाली विद्यापीठावर दावाही लावता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. शिक्षेची भीती नाममात्र आणि लपवण्याचा लाभ प्रत्यक्ष, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढचे सांगावे लागत नाही.

आता दोन प्रकरणे पाहू.

पहिले मिशिगन राज्य विद्यापीठाचे. लॅरी नासर हा तेथील क्रीडावैद्यक विभागात डॉक्टर आणि जिम्नॅस्टिक्स संघाचा वैद्य होता. उपचाराच्या नावाखाली तो मुलींवर अत्याचार करीत होता. २०१४ मध्ये एका तरुणीने विद्यापीठाकडे तक्रार केली. चौकशी अधिकाऱ्यांनी ज्या वैद्यकीय तज्ज्ञांचे मत घेतले ते त्याच विद्यापीठाशी संबंधित होते. निष्कर्ष निघाला की हा वैद्यकीय उपचारच आहे, नियमभंग नाही. पण या निष्कर्षाच्या दोन प्रती होत्या. तक्रारदार तरुणीला दिलेली प्रत त्रोटक होती. विद्यापीठाकडे राहिलेल्या प्रतीत मात्र असे नमूद होते की, या पद्धतीमुळे रुग्णांना विनाकारण मानसिक आघात होऊ शकतो आणि संस्थेवर दायित्व येऊ शकते. म्हणजे धोका कागदावर लिहिलेला होता. ज्या व्यक्तीला तो कळायला हवा होता तिच्यापासून तेवढाच भाग वगळलेला होता. पोलिसांचा तपास चालू असतानाही नासर पुन्हा रुग्ण तपासू लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या वृत्तपत्राने प्रकरण उघड केले, त्यानंतर त्याला काढून टाकण्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या एका न्यायालयात १५६ निवेदने ऐकली गेली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची तडजोड केली, शिवाय केंद्रीय शिक्षण खात्याने २०१९ मध्ये ४५ लाख डॉलर दंड ठोठावला.

या प्रकरणाची शेपटी अधिक बोलकी आहे. वकील व अशील यांच्यातील गोपनीयतेचे कारण देऊन विद्यापीठाने सहा हजारांवर कागद राज्याच्या महाधिवक्त्यांपासून वर्षानुवर्षे रोखून धरले. अखेर २०२४ मध्ये ते मिळाले. ते वाचून महाधिवक्त्यांनी सांगितले की त्यात नवे असे काही निघाले नाही, आणि तपास बंद केला. लपवण्यासारखे काही नसताना लपवण्याची ही सवय पाहून मला आमच्याच कपाटांतील 'गोपनीय' असा शिक्का मारलेल्या फायली आठवल्या.

दुसरे प्रकरण कोलंबस शहरातीलच, म्हणजे ज्या शहरातील वृत्तपत्राने २००९ मध्ये तो प्रश्न विचारला होता तिथल्या ओहायो राज्य विद्यापीठाचे. रिचर्ड स्ट्रॉस हा डॉक्टर १९७८ ते १९९८ अशी वीस वर्षे तिथे नोकरीत होता आणि त्यातील बराच काळ कुस्ती व इतर संघांचा वैद्य होता. २०१९ च्या स्वतंत्र चौकशी अहवालाप्रमाणे त्याने किमान १७७ विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केले. हे सारे पुरुष होते, हेही लक्षात ठेवावे. विद्यापीठातील काही जणांच्या कानावर ही गोष्ट १९७९ पासून होती. १९९६ मध्ये विद्यापीठाने त्याला विद्यार्थ्यांच्या तपासणीपासून दूर केले, पण प्राध्यापकपदावर ठेवले. निवृत्तीनंतर सन्माननीय प्राध्यापक हे बिरुदही दिले. त्याच वर्षी राज्याच्या वैद्यक मंडळाने त्याची चौकशी सुरू केली, परंतु त्याच्या परवान्याला धक्का लागला नाही. २०१९ चा अहवाल प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा मंडळाच्या चौकशीसंबंधीचा मजकूर काळा केलेला होता, कारण राज्याच्या कायद्यानुसार मंडळाची चौकशी गोपनीय असते. त्याच वर्षी गव्हर्नरांनी नेमलेल्या गटाने निष्कर्ष काढला की मंडळाकडे विश्वासार्ह पुरावा होता आणि तरीही कारवाई झाली नाही. स्ट्रॉस २००५ मध्येच मरण पावला होता. तेवीस वर्षे त्या गोपनीयतेने नेमके कोणाला जपले?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या दोन्ही ठिकाणी फर्पाचे कलम दाखवून कोणी दार बंद केले असे नव्हे. कुठे वैद्यक मंडळाचा नियम होता, कुठे वकिलाचा सल्ला, कुठे नुसती कार्यालयीन रीत. कलम कोणतेही असो, परिणाम एकच झाला : माहितीचे तुकडे वेगवेगळ्या खणांत राहिले आणि ते जोडणारे कोणी नव्हते.

छळाच्या तक्रारीचे स्वरूपच असे आहे की एकेक तक्रार दुबळी दिसते. साक्षीदार नसतात. तिचा शब्द आणि त्याचा शब्द. चौकशी करणारा म्हणतो, संशयाचा फायदा द्यावा. पाच ठिकाणी पाच समित्या असे म्हणतात, आणि प्रत्येक समिती आपल्यापुरती बरोबर असते. पाचही तक्रारी एका टेबलावर आल्या असत्या तर चित्र एका क्षणात स्पष्ट झाले असते. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला; पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे चांगली व वाईट गाडी एकाच भावाने जाते आणि हळूहळू बाजारात वाईट गाड्याच उरतात. प्रशिक्षकांच्या दाखल्यांचा बाजार याहून वेगळा नाही. सर्वांचे काम 'समाधानकारक' असते. माझ्या सहीच्या दाखल्याने एक खराब गाडी चांगल्या भावाने विकली, एवढेच.

शिवाय खरे सांगण्याची किंमत आजच्या संस्थेला मोजावी लागते आणि लाभ उद्याच्या अनोळखी संस्थेला होतो. बदनामी आमची, बचाव दुसऱ्यांच्या मुलींचा. असा हिशेब असताना केवळ सदसद्विवेकावर विसंबून राहणारी व्यवस्था टिकत नाही; नियमानेच ते बंधनकारक करावे लागते.

यावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला, नाव फुटण्याची भीती असेल तर मुली तक्रारच करणार नाहीत. हे खरे आहे. समितीपुढे बसलेल्या त्या विद्यार्थिनीने पहिले वाक्य हेच उच्चारले होते, 'मॅडम, घरी कळता कामा नये.' तिचे नाव जपणे हे माझे कर्तव्य होते आणि आजही मी ते जपते आहे. दुसरा आक्षेप, आरोप खोटा किंवा अपुरा असू शकतो. केवळ आरोपावरून माणसाची उपजीविका जाता कामा नये. हेही खरे आहे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण समितीने अवाजवी घाईने चौकशी उरकून संबंधिताला बचावाची पुरेशी संधी दिली नव्हती. तिसरा आक्षेप तांत्रिक पण महत्त्वाचा. बारा जणींच्या संघात 'या वर्षी एक तक्रार' एवढे जाहीर केले, तरी ती कोणाची हे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते.

हे तीनही आक्षेप व्यक्तीच्या खासगीपणाविषयी आहेत आणि म्हणूनच ते मान्य करायला हवेत. पण यांतील एकही आक्षेप संस्थेच्या खासगीपणाचे समर्थन करीत नाही. खासगीपणा हा माणसाचा हक्क आहे. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याला मूलभूत हक्क म्हटले ते माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग म्हणून. कार्यालयाला अब्रू असते, पण खासगीपणा नसतो. या दोन गोष्टींची गल्लत हेच या सर्व प्रकरणांचे मूळ आहे.

नाव झाकून सत्य सांगता येते, याचा दाखला अमेरिकेतच आहे. १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीची तिच्या वसतिगृहातील खोलीत हत्या झाली. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्याने १९९० मध्ये कायदा झाला, ज्यामुळे प्रत्येक विद्यापीठाला आवारातील गुन्ह्यांचे आकडे दर वर्षी प्रसिद्ध करावे लागतात. नावे नाहीत, फक्त आकडे. मिशिगन राज्य विद्यापीठाला झालेला दंड याच कायद्याखालचा होता. व्हर्जिनिया विद्यापीठात तक्रारदार विद्यार्थिनीला निकाल कळण्यासाठी तो गुप्त ठेवण्याचे बंधन स्वीकारावे लागे; २००८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने तेही क्लेरी कायद्याच्या विरुद्ध ठरवले. जिने तक्रार केली तिलाच निकालाविषयी मुके करणे म्हणजे गोपनीयतेचा कळस होता.

आता आपल्याकडे वळू. १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर सोळा वर्षांनी आलेल्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ आहे. तक्रार, तक्रारदार, आरोपी, साक्षीदार, चौकशी, शिफारस यांपैकी काहीही प्रसिद्ध करायचे नाही, माहिती अधिकाराखालीही नाही, असे ते सांगते. आमच्या कार्यालयांत हे कलम इथपर्यंतच वाचले जाते. मीही इथपर्यंतच वाचले होते. त्याच्याखाली एक परंतुक आहे : पीडित स्त्री व साक्षीदार यांची ओळख पटेल असा तपशील न देता, मिळालेल्या न्यायाची माहिती प्रसृत करता येते. ओळखीला संरक्षण कोणाच्या दिले आहे, ते शब्द पुन्हा वाचावेत. शिवाय कलम २२ प्रमाणे किती तक्रारी आल्या आणि किती निकालात निघाल्या याचा आकडा संस्थेच्या वार्षिक अहवालात द्यावा लागतो. किती वार्षिक अहवालांत हा आकडा आपण पाहिला आहे, हे प्रत्येक अधिकाऱ्याने स्वतःला विचारावे. ज्या गोव्याच्या प्रकरणाचा वर उल्लेख केला, त्याच निकालात न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या पाहणीची दखल घेतली : ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांमध्ये कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीच नव्हती. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. त्याच २०२३ साली कुस्तीगीर मुली दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या. त्या प्रकरणातील आरोपांविषयी इथे मत देण्याचे कारण नाही. पण ज्यांना तक्रारीसाठी खोलीचे दार उघडे नसते, त्यांना रस्त्यावर यावे लागते, एवढे प्रशासनाने समजून घ्यावे.

त्यात आता आणखी एक भर पडली आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कार्याशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे तपासण्याचे बंधन होते. तरीही २०१२ च्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातील निर्णयाने नोकराला दिलेले मेमो आणि शिक्षेचे आदेश हे सामान्यतः वैयक्तिक माहितीत बसवले होते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती १४ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि त्या पोटकलमातील तपासणीचे शब्दच गेले. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की पुरते. कलम ८(२) शिल्लक आहे. जनहित अधिक वजनदार असेल तर माहिती देता येते, असे ते म्हणते. पण माझ्या अनुभवात, जे 'देता येते' ते सहसा दिले जात नाही. बकलींच्या कायद्याचे पस्तीस वर्षांत जे झाले, ते आपल्याकडे व्हायला तेवढी वर्षे लागतील असे मला वाटत नाही.

तेव्हा करावे काय? मला सुचते ते क्रमाने मांडते.

१. समितीच्या अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना द्यावी असे कायदा सांगतो. ती पूर्ण असावी, आणि पुढे काय कारवाई झाली तेही तक्रारदाराला लेखी कळवावे. एका चौकशीचे दोन अहवाल कधीही असू नयेत.

२. सिद्ध झालेल्या दोषाचा उल्लेख अनुभवाच्या दाखल्यात आणि विचारणेच्या उत्तरात बंधनकारक असावा. राजीनामा दिल्याने किंवा कंत्राट संपल्याने चौकशी थांबू नये.

३. सिद्ध न झालेल्या तक्रारींची नोंद फक्त समित्यांच्या अध्यक्षांना पाहता येईल अशा सूचीत असावी. ती पुरावा म्हणून वापरू नये. पण तिसरी तक्रार आली तर चौकशी अधिक खोलवर करण्यास ते कारण पुरेसे असावे.

४. आकडे दर वर्षी प्रसिद्ध व्हावेत. छोट्या विभागांचे आकडे पाच वर्षांचे एकत्र करून द्यावेत, म्हणजे ओळख पटणार नाही.

५. क्रीडा विभागाने किंवा महासंघाने स्वतःच्या प्रशिक्षकाची वा डॉक्टरची चौकशी करू नये. तज्ज्ञही बाहेरचे असावेत.

६. आणि सर्वांत सोपे : 'गोपनीय' असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच ओळीत पुढे दोन गोष्टी लिहाव्यात. कोणाची गोपनीयता, आणि माहिती दिल्यास त्या व्यक्तीचे कोणते नुकसान होईल. ज्या फाइलवर या दोन प्रश्नांना उत्तर नाही, तिथे तो शेरा टिकू नये.

सहाव्या सूचनेला नवा कायदा लागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. एक परिपत्रक पुरे. त्या दिवशी माझ्या फाइलवर हे दोन प्रश्न असते तर मला लिहावे लागले असते की, विद्यार्थिनीचे नाव दाखल्यात येतच नाही, त्यामुळे तिचे नुकसान होत नाही. जपायचे आहे ते फक्त त्याचे नाव आणि संस्थेची अब्रू. हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून त्याखाली सही करणे मला जमले नसते.

त्या दूरध्वनीवर मी त्या बाईंना खरे ते सांगितले. आमच्या चौकशीत काय सिद्ध झाले होते तेही विद्यार्थिनीचे नाव वगळून लेखी कळवले. आमच्या विधी शाखेने त्यावर नापसंतीचा शेरा मारला, तो आजही फाइलवर असेल. पत्र दोन पानांचे होते आणि ते लिहायला मला अर्धा तास लागला. दोन वर्षांपूर्वीही अर्धा तासच लागला असता.